भिंतीकडचा स्क्रीन

पेशंटच्या खुर्चीत बसायची कुंदाताईंची ही पहिलीच वेळ. एरवी त्या डॉक्टरांच्या शेजारी बसून स्कॅनचे रिपोर्ट टाइप करायच्या.

"घाबरला नाहीत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी कशाला घाबरू? तुमचा चहा आज कोण करणार, तेवढीच काळजी." डॉक्टर हसले आणि त्यांनी कुंदाताईंचा स्कॅन उघडला.

टेबलावर दोन स्क्रीन होते. एक पेशंटला दिसेल असा, दुसरा भिंतीकडे वळवलेला. कीबोर्डवरची विंडोज, शिफ्ट आणि बाणाची बटणं एकदम दाबली की चित्र या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर जातं, हे कुंदाताईंनीच डॉक्टरांना शिकवलं होतं. वाईट बातमी पेशंटला आधी चित्रातून कळू नये म्हणून. सगळं ठीक असेल तर डॉक्टर समोरच दाखवायचे, "बघा, काही नाही." नसेल तर चित्र पलीकडे जायचं. मग कुंदाताईंनी बाहेर जाऊन पेशंटच्या माणसाला आत आणायचं, हे ठरलेलं.

डॉक्टरांचं हसू हळूहळू मावळलं. कुंदाताईंनी चित्राकडे बघणं सोडलं. त्या डॉक्टरांच्या बोटांकडे बघत राहिल्या.

बोटं हलली. समोर नुसता निळा स्क्रीन उरला.

"ताई," डॉक्टर मान वर न करता नेहमीसारखं म्हणाले, "बरोबर कोण आलंय? बोलवा जरा."

कुंदाताईही नेहमीसारख्याच उठल्या. त्यांनी दार उघडलं.

बाकावर त्यांची पिशवी तेवढी होती.