शेजारच्या टोपलीतली वांगी

"मले दुसरी बाई द्या, नाई त मी आता येत नाई," पंचफुला दारातूनच म्हणाली.

खोलीत मंजुषाताई होत्या आणि त्यांच्या हाताखाली समुपदेशन शिकणारी सपना. एचआयव्हीच्या पेशंटशी कसं बोलायचं, ते मंजुषाताई शिकवत. पंचफुला ही सपनाची पहिलीच पेशंट. तिच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. इथलं येणं सुटलं की गोळ्या सुटणार, आणि पुढचं सांगायला ज्योतिषी नको होता.

"झालं काय, पंचफुलाबाई?"

"हिलेच विचारा. परवा तळेगावच्या बाजारात माह्या टोपलीपुढं आली. मले पाह्यलं अन् तोंड फिरवलं. शेजारच्या मीराबाईजवळून वांगे घेतले! इथं म्हणते, हात लावल्यानं काई होत नाई. मंग माह्या हातचे वांगे काऊन नाई चालत?"

सपनाला रडूच फुटायचं बाकी होतं. "ताई, तुम्हीच सांगितलं ना, बाहेर पेशंट दिसला तर ओळख दाखवायची नाही. कुणी विचारलं असतं, ही तुझी कोण, तर?"

सांगितलं होतं खरं, अगदी बजावून. नियम चोख होता. पण ज्यांच्यासाठी केला, त्यांना विचारायचंच राहून गेलं होतं. मंजुषाताईंना मनातून ओशाळल्यासारखं झालं.

"चूक तिची नाही, माझी," त्या म्हणाल्या. "तुमची गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून मी तिला तसं शिकवलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. आता विचारते. बाजारात भेटलो, तर आम्ही काय करायचं?"

पंचफुला खुर्चीवर टेकली. पदरानं मान पुसत ती सपनाकडे पाहत राहिली. पोर अजून खाली मान घालूनच उभी होती.

"काय कराचं म्हंजे? वांगे घ्याचे."

"घेते ना!" सपना घाईघाईनं म्हणाली. "पुढच्या बाजारी नक्की घेते. तुम्ही म्हणाल त्या भावानं."

"तसं नोको करू, माय," पंचफुला म्हणाली. "चांगली हुज्जत घालजो. भाव न करता वांगे घेतले, त लोकाइले शक येईन."