दोन घरांत वैतरणी

"ग्रीक पुराणातली विस्मृतीची नदी. घरं दोन," म्हस्कूनं वाचलं आणि चष्म्यावरून खाटेकडं बघितलं.

खाटेवर सर्जेराव गुरुजी उशीला टेकून बसवलेले. डोळे उघडे, नजर भिंतीवर. सत्त्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, डावा हात चालेल, पण डोक्यात किती उरलंय ते सांगता येत नाही. दोन महिने त्यांच्या पत्नी कौसल्याबाई रोज त्यांचा डावा हात हातात घेऊन विचारत होत्या, मी कोण ते कळतंय का, कळत असेल तर हात दाबा. हात नुसता पडून राहायचा.

वालचंदनगरच्या त्या क्वार्टरमध्ये वीस वर्षं दर रविवारी पेपरातलं शब्दकोडं सुटत आलं होतं. म्हस्कू सणसरचा, घरची मेंढरं सोडून कारखान्यात वॉचमन झालेला. पिकं, जनावरं, नातीगोती हा त्याचा प्रांत. ग्रीक देव आणि जुन्या कवितेतले शब्द गुरुजींचे. म्हस्कूनं वाचायचं, गुरुजींनी लिहायचं. वीस वर्षांत त्यांनी पेन काही म्हस्कूच्या हाती दिलं नव्हतं.

आता पेन म्हस्कूकडंच होतं. मेंढीचं पिल्लू, तीन घरं, कोकरू. ते त्यानं झटक्यात भरलं. कवितेतला कावळा, तीन घरं. ती रिकामी ठेवली. कौसल्याबाई दारात उभ्या होत्या. पुढच्या रविवारपासून येऊ नका, असं आल्या आल्याच त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं. भिंतीला वाचून दाखवल्यासारखं वाटतं, जीव तुटतो, म्हणाल्या. म्हस्कू बरं म्हणाला, आणि तरी खाटेशी स्टूल ओढून बसला.

नदीपाशी त्याचं गाडं अडलं. बराच वेळ डोकं खाजवलं. मग मेल्यावर माणूस सगळं इसरतंच की, असं पुटपुटत तो खूश झाला. म्हणजे वैतरणीच.

सहावी शिकलेल्या कौसल्याबाईंनाही राहवलं नाही. वैतरणीला चार घरं लागतात, त्यांनी सांगितलं.

"बसवतो की दाटीवाटीनं," म्हस्कू म्हणाला. "येष्टीत न्हाय का बसत?"

आणि त्यानं खरोखरच पहिल्या घरात 'वैत' कोंबलं, दुसऱ्यात 'रणी'.

खाट करकरली. गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला होता. एका घरात दोन अक्षरं! डावा हात वर आला आणि त्यानं म्हस्कूच्या बोटांतून पेन हिसकावलं. वैतरणीवर अशी काट मारली की कागद फाटला. मग शेजारच्या कोऱ्या जागेत, पहिलीतल्या पोरासारखं वेडंवाकडं, एक अक्षर उमटलं. ली. पेन निसटलं. म्हस्कूनं ते उचलून परत बोटांत दिलं. बऱ्याच वेळानं दुसरं अक्षर. थी. लीथी, दोन घरांची नदी. आणि गुरुजींनी पेनाचं टोपण म्हस्कूच्या बोटांच्या पेरांवर हाणलं, अगदी वीस वर्षं हाणत आले होते तसं.

कौसल्याबाई उंबऱ्यातच बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. आपला माणूस आत होता, शाबूत होता, रागावतसुद्धा होता. दोन महिने देवाला हात जोडून झाले, डॉक्टरांना जोडून झाले. आता त्यांना या अडाण्याचे पाय धरावेत असं वाटलं.

"भाऊजी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मगाशी मी काय बोलले ते मनात ठेवू नगा. दर रविवारी या, आन् असंच चुकत जावा."

म्हस्कू पेरं चोळत हसला.

"त्याची काळजी नगा करू, वैनी. चुकण्यात माझा हात धरणारा सणसरात अजून जन्मला न्हाय."