पहिली नोंद

मशीन पुन्हा बंद पडून आपोआप सुरू झालं. सहाव्यांदा, आणि पडद्यावर एक अक्षरही न उमटवता. अकराला साहेबांना दाखवायचं होतं आणि पावणेअकरा वाजले होते.

कर्नलमधला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीतला, जुना पसारा आवरायचं काम तिने हौसेने अंगावर घेतलं होतं. महिनाभरात शेकडो ओळी उडवल्या. त्यातली नेमकी कुठली नडली, ते काही केल्या कळेना. शेवटी लॅपटॉप उचलून ती दाराजवळच्या टेबलाकडे धावली. तिथे बसणारे म्हातारे गृहस्थ, सगळ्यांचे आजोबा, एका खोक्यात कप, चष्म्याचं घर असं काहीबाही भरत होते. भरता भरताच त्यांनी पडद्यावर नजर टाकली.

"प्रोसेसरच्या तक्त्यातली पहिली नोंद कुठे गेली?"

"काढली. नुसती शून्यं होती, आजोबा. कुणी वापरतच नाही ती."

"वापरायची नसतेच. ती रिकामीच ठेवायची. कुणी वाट चुकलं की तिथे येऊन आदळतं आणि चूक जागच्या जागी कळते. तू ती काढलीस, बाकीच्या एकेक घर वर सरकल्या. प्रोसेसर बिचारा भलत्याच दारात शिरतोय."

तिने ओळ परत घातली. मशीन निमूट सुरू झालं. तिचा जीव भांड्यात पडला.

"वाचवलंत! पण हे खोकं कशाला?"

"सकाळी साहेबांनी बोलावलं होतं. बिनकामाच्या माणसांची यादी आलीय म्हणे त्यांच्याकडे."

 साहेबांच्या सांगण्यावरून ती यादी तिनेच केली होती. पहिलं नाव आजोबांचं होतं.