फाटकावरची पाटी

मोंटानाच्या माळावर जीपच्या चाकांच्या ताज्या खुणा आणि गुरांच्या कुंपणाचं फाटक सताड उघडं दिसलं, तसं लाइलचं टाळकं सटकलं. फाटक साखळीने करकचून बांधून त्याने पिकअप पिटाळली आणि जीपला आडवी घातली.

"शहरी माकडांनो! 'फाटक जसं होतं तसंच सोडा' अशी पाटी रंगवलीय मी. डोळे फुटले का?"

"काका, उघडंच होतं. तसंच सोडलं."

"खोटारड्या! चालता हो माझ्या रानातून."

चार दिवस ऊन नुसतं भाजत होतं. पाचव्या दिवशी माळावर गिधाडं घिरट्या घालू लागली. त्याची बायको व्हर्ना फाटकापर्यंत जाऊन आली, ती थेट लाइलसमोर उभी राहिली.



"पलीकडची टाकी आटली होती, गाईंना अलीकडच्या टाकीवर पाण्याला येता यावं म्हणून फाटक मीच उघडं ठेवलं होतं. कुठल्या गाढवाने लावलं, लाइल?"