शालीची कड

"चालू झालं," आतल्या खोलीतून तो म्हणाला. मोठ्यानं नाही, मोठ्यानं बोलायची त्याला सवयच नव्हती.

ती शिलाई मशीन थांबवून दारात आली. नऊ दिवस तो जुन्या कॉम्प्युटरवर वेब सर्व्हर बसवत होता. शेजारी वाचनालयातून आणलेलं जाड पुस्तक, त्यात खोचलेली लाल पेन्सिल. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. नोकरी सुटली, पेन्सिल सुटली नव्हती. पडद्यावर कोरं पान होतं आणि त्यावर एकच ओळ : सर्व्हर चालू आहे.

"म्हणजे काय झालं?"

"माझ्या गोष्टी आता या पत्त्यावर वाचता येतील. पान किती वेळा उघडलं, तो आकडा खाली दिसेल."

"कुणाला वाचता येतील?"

"ज्याला वाचायच्या असतील त्याला."

मग त्यानं आपल्या सात वह्या सुतळीनं बांधल्या आणि गठ्ठा दाराशी, चपलांजवळ नेऊन ठेवला. "महिनाभर बघायचं. आकडा हलला नाही तर हे रद्दीत."

"एवढं काय नडलंय?"

"वह्यांना कसर लागण्यापेक्षा बरं."

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं तिला एक गोष्ट वाचून दाखवली होती. त्या दिवशी तिनं शाळेचे चाळीस गणवेश शिवून दिले होते. दुसऱ्या पानावर तिचा डोळा लागला. त्यानं वही मिटली, ती पुन्हा तिच्यासमोर उघडली नाही. तिनंही कधी मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

पहिला आठवडा आकडा शून्यावरच होता. तो रोज चार वाजता फिरायला जायचा, सहाला परतायचा. कॉम्प्युटर चालूच ठेवून जायचा. "बंद केला की सर्व्हरही झोपतो," म्हणायचा.

आठव्या दिवशी तो कोपऱ्यावरून वळल्याचं खिडकीतून पाहून ती खुर्चीत बसली. खुर्चीवर जाड उशी होती, त्यामुळे पडदा बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आला. त्याची कंबर दुखत असेल, तिला वाटलं.

गोष्ट होती धुक्यातल्या तळ्यावरच्या नावाड्याची. रोज एक बाई होडीत बसते, पलीकडे उतरते. पलीकडे गाव नसतं, घर नसतं, तरी ती उतरते. नावाड्याला विचारायचं असतं, पण रोज काठ आधी येतो. ती ओळीखाली बोट धरून वाचत राहिली. कॉम्प्युटर पाण्यासारखा मंद आवाज करत होता. पडद्यावरचं धुकं हळूहळू खोलीत उतरलं, पुस्तकांवर बसलं, खिडकीबाहेरची गल्ली त्यात विरघळली. मान वर केली तेव्हा पावणेसहा झाले होते, आणि आपण कुठल्या काठावर आहोत हे क्षणभर तिला कळेना.

आकडा एक झाला होता. त्या संध्याकाळी तो भांडी पुसता पुसता गुणगुणला.

पानाखाली अभिप्रायासाठी चौकट होती. एका बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं एके दिवशी लिहिलं : "दुसऱ्या भागात बाईच्या शालीची कड हिरवी आहे, चौथ्यात लाल झाली. तेवढं बघा. बाकी छान. – एक वाचक."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं : "आदरणीय वाचक, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, माझी मला दिसली नाही. आभारी आहे. कड हिरवीच."

जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "एक वाचक मिळालाय."

"कोण? कुठला?"

"काय माहीत. नजर मात्र तयार आहे."

"बाई असेल," ती म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

आकडा तेवीसवर गेला. त्यातले काही आपले, काही बाहेरच्यांचे, असं ती धरून चालली होती. मग दूर राहणाऱ्या मुलीचा फोन आला. तिचं कामच कॉम्प्युटरचं. आईनं पत्ता वाचून दाखवला, तशी ती हसायलाच लागली.

"अगं आई, लोकलहोस्ट म्हणजे तोच कॉम्प्युटर! बाहेरच्या कुणाला ते दिसणारच नाही. बाबांनी घरातल्या घरात दुकान मांडलंय."

"म्हणजे आजवर कुणीच..."

"कुणीच नाही. थांब, मी ते खऱ्या इंटरनेटवर टाकते. दहा मिनिटांचं काम. उद्या बोलते बाबांशी."

"त्यांना काही सांगू नकोस गं. सगळं रद्दीत घालतील."

"आई, उगाच काहीतरी!"

संध्याकाळभर ती अस्वस्थ होती. चष्माही सापडेना. शेवटी त्यानंच आणून दिला. "मशीनवर होता," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीनं फोन केलाच. ती स्वयंपाकघरात कान देऊन उभी राहिली. "हं... हं... असं होय... नको. आहे तिथं बरं आहे." त्यानं फोन ठेवला. चेहरा नेहमीसारखाच, काही न सांगणारा.

चारला त्यानं चपला घातल्या आणि गठ्ठा उचलला.

"अहो, ते कुठं नेताय?"

"महिना झाला ना आज."

"पण तुमचा तो वाचक?"

"त्याच्यासाठीच चाललोय," तो म्हणाला आणि जिना उतरू लागला.

खिडकीतून तिनं त्याला वळताना पाहिलं. काखेत सात वह्या, एक खांदा खाली झुकलेला. हाक मारायची तर काय म्हणून मारायची? तुमचं कुणीच वाचत नव्हतं, मीच होते, असं?

शेवटचं एकदा वाचून घ्यावं म्हणून ती उशीवर बसली. पान उघडलं. वर नवा मजकूर होता.

"आदरणीय वाचक, वह्या बाइंडरकडे नेतोय. एकच प्रत करायची आहे, जास्त लागणार नाहीत. कापड हिरवं सांगतो. शेवटचा भाग खाली ठेवलाय, मी येईपर्यंत वाचून होईल. झोप आली तर खुशाल झोप, पण कालच्यासारखा चष्मा कीबोर्डवर विसरू नकोस."