मँचेस्टरची ती

मँचेस्टरचा तो नाइटक्लब बंद पडून चाळीस वर्षं झाली होती, पण त्याच्यावरून सोलापुरात भांडण पेटलं ते गेल्या सोमवारी. तिथल्या एका जुन्या मित्राने त्या क्लबातला फोटो नंदकुमारांच्या मोबाइलवर पाठवला आणि तो नेमका प्रभाताईंनी आधी पाहिला. खाली लिहिलं होतं, ‘आपला नंदू, १९७३.’ लग्नाआधी नवरा दोन वर्षं तिकडे कापडगिरणीचं शिक्षण घेत होता, एवढंच प्रभाताईंना ठाऊक होतं. फोटोत मात्र कोटातला एक मिशीवाला तरुण होता आणि त्याच्या गळ्यात हात टाकून चंदेरी कपड्यांतली, उंच टाचांची, मोकळ्या केसांची एक देखणी बाई!

प्रभाताईंनी दोन बोटांनी तिला मोठी करकरून पाहिली. कंबर पाहिली, हसू पाहिलं. तीन दिवस नवऱ्याच्या ताटात शेंगांची चटणी पडली नाही. चौथ्या दिवशी मात्र त्यांना राहवेना.

“अहो, कोण हाय ही भवानी? लई गळ्यात पडलीय तुमच्या!”

नंदकुमारांनी चष्मा लावला आणि ते कानापर्यंत लाल झाले.

“अगं, कोटातला तो पटेल, माझा रूम पार्टनर. तवा तितं रॉक वाजायचं आणि पोरंच अशी बायकांवानी नटून नाचायची. ती बाई म्हणजे मी हाय.”

प्रभाताईंनी पुन्हा दोन बोटांनी फोटो मोठा केला, या वेळी डोळ्यांपाशी.



“असाल की. पण एवढं रेखीव काजळ तुमच्या डोळ्यांत घातलं कुणी?”