सातवा प्रस्ताव

चौदा मार्च, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. जेवणाच्या टेबलावर अकरा प्रस्ताव होते, अकराही निनावी, आणि अनुदान मिळणार होते एकालाच.

मास्तरांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढले आणि पहिला प्रस्ताव उघडला. तंत्रनिकेतनातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले, तरी विद्यापीठाच्या संशोधन निधीसाठी परीक्षक म्हणून त्यांना अजून बोलावणे येई. परीक्षक तीन. प्रत्येकाने शंभरांपैकी गुण द्यायचे. ज्याची सरासरी सर्वाधिक, त्याला अनुदान. रीत सरळ होती.

सरळ नव्हती ती एकच गोष्ट. त्या अकरांत एक प्रस्ताव त्यांच्या लेकीचा होता.

ती विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात संशोधक होती आणि तिची नेमणूक जूनअखेर संपत होती. अनुदान मिळाले तर आणखी तीन वर्षे काम चालले असते; नाही तर प्रयोगशाळेची किल्ली परत करायची. परीक्षकपदाचे पत्र आल्यापासून बापलेकीने घरात त्या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. नियमही स्पष्ट होता. प्रस्ताव कोणाचा हे ओळखू आले, तर परीक्षकाने त्या प्रस्तावापुरते बाजूला व्हायचे आणि उरलेल्या दोघांची सरासरी धरायची.

"ओळखाल ना हो तिचा?" चहाचा कप ठेवत पत्नीने विचारले.

"पोटची पोर आहे. नाव झाकलं म्हणून वळण झाकतं का?"

"आणि ओळखलात की तिलाच गुण देणार नाही. धन्य आहे! लोकांचे बाप पोरांसाठी शब्द टाकतात, आमचे हे पाठ फिरवतात."

"तिला माझ्या शब्दाची गरज नाही."

"गरज नाही म्हणून कोणी टाकायचा राहतो का?" असे म्हणून ती आत गेली.

सातव्या प्रस्तावाच्या दुसऱ्याच पानावर मास्तर थबकले. विषय होता काँक्रीटमधील भेगांचा. प्रत्येक विधानाआधी मोजमाप, मोजमापाआधी उपकरणाची अचूकता आणि शेवटी 'हे अनुमान कशाने खोटे ठरेल' असा स्वतंत्र परिच्छेद. 'आधी माप, मग मत' हा धडा त्यांनी आयुष्यभर गिरवून घेतला होता. तो इतका अंगी मुरलेला दुसरे कोण असणार? शिवाय लेकीचा पदवीचा प्रबंध भेगांवरच होता.

त्यांनी तडक समितीच्या सचिवांना फोन लावला.

"सातव्यातून मी बाजूला होतो."

"कारण, सर?"

"नातं."

सचिव हसले. "अहो सर, नावं झाकलेली आहेत. न सांगता कोणाला कळलं असतं?"

"मला."

फोन ठेवताना मास्तरांची मान ताठ होती.

आठवा प्रस्ताव यथातथा निघाला. नववा वाचता वाचता मात्र चहा गार झाला. जुन्या लोखंडी पुलांना संवेदक बसवायचे, वाहने जाताना पुलाच्या अंगात उठणारी थरथर टिपायची आणि तिच्यातून सैल पडलेले सांधे हुडकायचे. पुढे तोच आवाज एका दालनात ऐकवायचा, म्हणजे रोज पूल ओलांडणाऱ्यांना आपल्या पायाखाली काय चालले आहे ते कळेल. विज्ञानही चोख आणि कलाही. मांडणी मास्तरांच्या शिस्तीतली नव्हती, मोकळी होती. पण त्यांना कुठे बोट ठेवायला जागा सापडेना. त्यांनी पेन्सिलीने समासात गुण मांडले: एक्क्याण्णव.

मग त्यांनी उरलेले दोन वाचले आणि पुन्हा नवव्यापाशी आले. सातव्याच्या वाटेत उभा राहील असा हा एकच होता.

त्यांनी मनाशी हिशेब केला. सातव्याला आपण हात लावलेला नाही. त्याला एक गुणही दिलेला नाही. कोणी आपल्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

त्यांनी पेन्सिलीचा आकडा खोडला, पेन उघडले आणि शाईने लिहिले: एकोणऐंशी. खाली शेरा दिला, 'कल्पना प्रभावी. खर्चाचा अंदाज सैल.' खर्चाचा अंदाज तसा सैल नव्हता.

निकाल लागला त्या संध्याकाळी लेक घरी आली. चप्पल काढून सरळ त्यांच्यासमोर बसली.

"सातव्याला मिळालं, बाबा."

"शाब्बास!" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "मला खात्रीच होती."

"खात्री? तुम्ही कुठे ओळखता त्याला? माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो. सगळे काटकोन म्हणतात त्याला, इतका सरळ. लिहायचं कसं कळत नव्हतं बिचाऱ्याला, म्हणून तुमची पद्धत मीच घोटून घेतली त्याच्याकडून."

मास्तर हळूच खाली बसले.

"मग तू? तू तसं नाही लिहिलंस?"

"मुद्दाम नाही लिहिलं. ओळखलं असतंत तर बाजूला झाला असतात. मला तुमचे गुण हवे होते. मुलगी म्हणून नाही, नुसत्या कामाला." ती हसली. "किती दिलेत ते सांगू नका. खरे दिलेत, एवढं पुरे. थोडक्यात हुकलं, त्याला काय करणार?"

"विषय... विषय काय होता?"

"तुमचाच. लहानपणी पंप बिघडला की त्याला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ माझ्या कानाला लावायचात. म्हणायचात, लोखंड बोलतं, ऐकणारा पाहिजे. तेच मला पुलांच्या बाबतीत करायचं होतं."

तिने निकालाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

सातवा प्रस्ताव, दोन परीक्षक, सरासरी एक्क्याऐंशी. नववा प्रस्ताव, तीन परीक्षक, सरासरी ऐंशी.